रुळावरचं नाणं आणि सुईची खाच

सुरुवात एका चेपलेल्या नाण्यापासून करायला हवी. कॅनडातल्या माँट्रियल शहरात ‘गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर’ या बँडची पहिली तबकडी १९९७ साली निघाली. ‘कॉन्स्टेलेशन’ हे अगदी नवं, छोटं लेबल. पहिल्या खेपेला प्रती फक्त ५००. वेष्टणावरचा फोटो हातानं चिकटवलेला, आत एक पाकीट, पाकिटात काही छापील कागद आणि एका सेंटचं नाणं. हे नाणं रुळावर ठेवून आगगाडीखाली चपटं केलेलं होतं. बँडची तालमीची आणि ध्वनिमुद्रणाची जागा रुळांजवळच होती. त्या तबकडीतलं लांबलचक, उदास संगीत ज्या परिसरात घडलं, त्या परिसराचा एक तुकडा असा ऐकणाऱ्याच्या तळहातावर येत होता.

तबकडीच्या नावात अनंताचं चिन्ह आहे, तेही शोभेपुरतं नाही. दुसऱ्या बाजूची शेवटची खाच स्वतःलाच येऊन मिळते. सुई त्याच वर्तुळात फिरत राहते आणि ऐकणारा उठून ती उचलेपर्यंत संगीत संपत नाही. पुढच्या वर्षी ‘क्रँकी’ या लेबलनं सीडी काढायची ठरवली, तेव्हा सीडीवर अशी खाच पाडणं शक्य नव्हतं. मग बँडनं तेच संगीत नव्यानं जुळवलं, वाढवलं. एकाच नावाच्या या दोन वेगळ्या रचना आहेत.

स्वतंत्र रॉक संगीतकारांच्या नव्या अल्बमची चर्चा बहुतेक वेळा गाण्यांपाशी थांबते. अल्बम बाहेर कसा पडला, किती प्रतींत, किती किमतीला, हा व्यापाराचा मामला समजून सोडून दिला जातो. ही मोठी चूक आहे. या मंडळींच्या बाबतीत प्रकाशन हाही रचनेचाच भाग असतो.

मेलबर्नच्या ‘किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड’नं २०१७ या एका वर्षात पाच अल्बम काढले. पहिल्यासाठी त्यांनी गिटारच्या मानेवर जादा पडदे बसवून घेतले. आपल्या पेटीत काळी आणि पांढरी पट्टी यांच्या मधल्या सुरांना जागा नसते, तीच अडचण गिटारचीही. ते मधले सूर त्यांना हवे होते, म्हणून वाद्यच बदललं. चौथा अल्बम ‘पॉलिगॉन्डवानालँड’ १७ नोव्हेंबरला आला, तो फुकट. नुसतं ऐकणंच फुकट नव्हतं. छपाईला लागणारी मूळ ध्वनिमुद्रणं आणि चित्रं त्यांनी सगळ्यांसाठी खुली केली: ज्याला हवं त्यानं तबकड्या काढाव्यात, कॅसेट काढाव्यात, विकाव्यात. जगभरच्या छोट्या लेबलांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या, कुणी हिरव्या रंगात, कुणी जांभळ्या. वाद्यात पडदे घालण्याची आणि हक्क सोडून देण्याची वृत्ती एकच आहे.

२९ मार्च २०२४ रोजी संगीतकार पॅट्रिक फ्लेगेल यांनी ‘सिंडी ली’ या नावानं ‘डायमंड ज्युबिली’ हा अल्बम आणला. ३२ गाणी, दोन तासांहून थोडं जास्त. स्ट्रीमिंगच्या मोठ्या सेवांवर त्याचा पत्ता नव्हता. यूट्यूबवर सगळा अल्बम एकसलग एकाच व्हिडिओत होता, आणि जुन्या धाटणीच्या एका साध्या वेबसाइटवरून तो उतरवून घेता येई. सुचवलेली देणगी ३० कॅनेडियन डॉलर. यातलं एकसलग असणं फार मोलाचं. जुन्या रेडिओवर दूरच्या स्टेशनातून येतात तशी वाटणारी ही गाणी, आणि यूट्यूबवर त्यांतलं एखादंच वेचून ऐकणं तेव्हा सोपं नव्हतं. दोन तास द्यायचे, तर पुरते द्यायचे. लोकांनी ते दिले.

शेवटचं उदाहरण शिकागोचं. तिथले ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांनी १९९३ साली ‘निर्वाणा’ या बँडचा ‘इन युटेरो’ हा अल्बम मुद्रित केला, तेव्हा रॉयल्टी नाकारून ठरलेली रक्कमच घेतली. त्यांचं म्हणणं असं, की प्लंबरला कामाचे पैसे मिळतात तसे आपल्याला मिळावेत, गाण्यांची पुढची कमाई बँडची. ते रोज दुसऱ्यांची गाणी मुद्रित करत आणि सवड मिळेल तसं आपल्या ‘शेलॅक’ या तिघांच्या बँडचं काम पुढे नेत. दहा वर्षांच्या खंडानंतर या बँडचा ‘टू ऑल ट्रेन्स’ हा अल्बम येणार होता. ७ मे २०२४ रोजी हृदयविकारानं अल्बिनी गेले, ६१ व्या वर्षी. ठरल्याप्रमाणे १७ मेला अल्बम दुकानांत आला. दहा गाणी, जेमतेम २८ मिनिटं.