अर्जातील एक रकाना
(बुद्धविहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विहारात जे बोललो तेच येथे लिहून देत आहे. मी वकील आहे, कलासमीक्षक नव्हे. चित्रपटाच्या कलागुणांवर निर्णय देण्याचा अधिकार मी सांगत नाही. परंतु अलीकडच्या ज्या चित्रपटांना जाणकारांनी नावाजले, त्यांतील काहींत आपल्या माणसांची साक्ष नोंदविली गेली आहे. ती ऐकल्यावर माझ्या मनाचे काय झाले, एवढेच मला आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ सालचा 'कोर्ट'. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला. नारायण कांबळे या लोकशाहिराची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. चळवळीतील हा कार्यकर्ता २०२१ साली आपल्यातून गेला. शाहिराचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा आरोप त्याच्यावर आहे. मग त्या कामगाराची विधवा साक्षीस उभी राहते. नवरा घाण सहन व्हावी म्हणून दारू पिऊन उतरत असे. गटारात आधी खडा टाकून झुरळ बाहेर येते का ते पाहत असे, कारण झुरळ जिवंत म्हणजे आत हवा आहे. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. हे सारे ती कोरड्या आवाजात सांगते. माझ्या वकिलीच्या आयुष्यात अशा आवाजात दिलेल्या साक्षी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. रडणारा साक्षीदार न्यायालयास समजतो; न रडणारा समजत नाही.

मैला वाहून नेण्याच्या प्रथेस बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबास १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. मरणाची भरपाई वाढत गेली. खड्याने हवा तपासणाऱ्या माणसास मात्र मुखवटा मिळाला नाही.

'जय भीम' (२०२१) विषयी थोडक्यात सांगतो. त्यातील वकील चंद्रू बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करून मद्रास उच्च न्यायालयात आदिवासी स्त्रीस न्याय मिळवून देतो. मी आनंदाने पाहिला, टाळ्याही वाजविल्या. परंतु आमच्या धंद्यातील तारीख पे तारीख जाणणाऱ्यास एक शंका राहतेच: न्यायासाठी इतका असामान्य वकील लागावा, ही न्यायसंस्थेची स्तुती म्हणावी की निंदा?

आता ज्या चित्रपटाने मला झोप येऊ दिली नाही त्याकडे वळतो. नीरज घेवान यांचा 'होमबाउंड' २०२५ मध्ये कान महोत्सवात दाखविला गेला, आणि ऑस्करसाठी भारताची निवडही तोच ठरला. चंदन वाल्मीकि आणि शोएब हे दोन मित्र पोलीस शिपायाच्या भरतीत नशीब पाहतात. जात उघड होईल या भीतीने चंदन आडनाव गाळतो आणि राखीव जागेचा हक्क असूनही अर्जात सर्वसाधारण वर्ग लिहितो. पुढे टाळेबंदीत सुरतेहून गावाकडे परतताना वाटेतच त्याचा अंत होतो. चित्रपटगृहातील लोक त्या मृत्यूवर रडले. मी त्या रकान्यावरच अडकलो होतो.

त्याचे कारण सांगतो. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला होते. वडील तेव्हा चार वर्षांचे, त्यांच्या खांद्यावर. पुढे १९७४ साली वडिलांनी केंद्र सरकारच्या एका खात्यात अर्ज केला आणि धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले. १९५० च्या आदेशाप्रमाणे तेव्हा केंद्राच्या लेखी बौद्ध मनुष्य अनुसूचित जातीचा ठरत नव्हता. ती दुरुस्ती १९९० साली झाली. वडिलांचा अर्ज सर्वसाधारण गठ्ठ्यात गेला आणि तेथेच राहिला. चंदन लाजेने ज्या गठ्ठ्यात गेला, त्याच गठ्ठ्यात माझे वडील अभिमानाने गेले. कारकुनास दोहोंतील फरक दिसण्याचे कारण नव्हते.

धाकट्या काकांनी तीन वर्षांनी तसाच अर्ज केला आणि 'हिंदू महार' लिहिले. त्यांना नोकरी लागली. वडील त्यांच्याशी कित्येक वर्षे नीट बोलले नाहीत. आणि माझ्या लॉ कॉलेजची फी काकांच्या त्याच पगारातून भरली गेली, हेही मला आपणांपासून लपवून चालणार नाही. कोण बरोबर होते याचा निकाल मी आजवर देऊ शकलो नाही; या खटल्यात मी स्वतः लाभधारक आहे.

'होमबाउंड' पाहावयास मी काकांनाच घेऊन गेलो होतो. मध्यंतरात ते काही बोलले नाहीत. घरी परतल्यावर त्यांनी कपाटातून एक पिवळा कागद काढून माझ्या हाती दिला. १९९० च्या दुरुस्तीनंतर, सेवापुस्तकातील धर्माची नोंद बदलून 'बौद्ध' करावी म्हणून त्यांनी केलेल्या अर्जाची ती प्रत होती. वडिलांना ती कधी दाखविलीत का, असे मी विचारले.

"दाखवली होती," काका म्हणाले. "त्यानं वाचली, आणि खालची शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करून दिली."