काटा-चमचा आणि कपबशी

मोहोळहून पुण्याकडे जा की सोलापूरकडे, रस्त्याला हॉटेलं नि ढाबे पुष्कळ लागतात. बाकावर टेकावं, भजी मागवावीत, बशीत चहा ओतून घ्यावा. त्यासाठी कुणाला काही शिकावं लागत नाही. पण साहेबी थाटाच्या उपाहारगृहात जायचं म्हटलं, की चांगला शिकलासवरलेला माणूसही दारात थबकतो. आज मी बोलणार आहे ते या थबकण्याविषयी.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गोव्यास गेलो होतो. बरोबर एक स्नेही होते. आपल्या मोहोळ तालुक्यातल्याच एका खेड्यात ते प्राथमिक शिक्षक आहेत. आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणतो. पणजीत फोंतेन्यास नावाची जुनी वस्ती आहे. अरुंद गल्ल्या, कौलारू घरं, पिवळ्या-निळ्या-तांबड्या भिंती. १९६१ साली पोर्तुगीज सत्ता गेली, पण त्यांच्या पद्धतीची घरं आणि स्वयंपाक मागे राहिला. अशाच एका घराच्या खालच्या खोलीत सहा-सात मेजांचं लहानसं उपाहारगृह दिसलं. मंद दिवे, पांढरी चादर, भिंतीवर निळ्या नक्षीच्या फरशा. मी म्हटलं, “चला गुरुजी.”

गुरुजी पायरीशीच थांबले. म्हणाले, “सर, तुम्ही जेवून या. मी बाहेर बसतो.”

काटा-चमच्याची धास्ती असेल, असं समजून मी त्यांना हाताला धरूनच आत नेलं. वाढप्यानं एवढंच विचारलं, “किती माणसं?” आणि खुर्ची मागं ओढून गुरुजींना बसवलं.

प्रथम ‘काल्दो व्हेर्द’ आलं. नाव भारी, पदार्थ म्हणाल तर बटाट्याचं दाटसर सार आणि त्यात बारीक चिरलेली पालेभाजी. आम्ही ते मांसाशिवाय मागवलं होतं. सोबत पाव. गुरुजींनी हळूच विचारलं, “पाव कशानं कापायचा?” मी म्हटलं, “हातानं मोडायचा. युरोपातही तसाच मोडतात.” आणि काट्याचं म्हणाल, तर तो युरोपातही फार जुना नव्हे. चार-पाचशे वर्षांमागं तिथली बरीचशी मंडळी बोटांनीच जेवत. काटा इटलीतून हळूहळू इतर देशांत पसरला, तेव्हा त्याला हसणारेही होतेच. तेव्हा हातानं खाणं हा रानटीपणा नव्हे, आणि काट्यानं खाणं ही विद्वत्ता नव्हे. दोन्ही सवयी आहेत. एक रीत आपल्याला येते. दुसरी अर्ध्या तासात येईल.

शिवाय हे अन्न आपल्याला वाटतं तितकं परकंही नाही. पाव आणि बटाटा हे शब्दच मुळी आपण पोर्तुगिजांकडून घेतले. सोलापूरची शेंगाचटणी आपण अभिमानानं पाहुण्यांना देतो. तिच्यातली मिरची आणि भुईमूग ही दोन्ही पिकं मूळची अमेरिका खंडातली, समुद्रावरून आलेली. भाकरीशी त्यांची सोयरीक जमली आणि ती आपलीच झाली.

शेवटी ‘सेराडुरा’ नावाचा गोड पदार्थ आला. सायीवर बिस्किटाचा चुरा. या नावाचा अर्थ लाकडाचा भुसा, असं सांगताच गुरुजी मोकळेपणानं हसले. मग थोडा वेळ थांबून म्हणाले, “सर, मला काट्याची भीती नव्हती. माझे आजोबा बाजाराच्या दिवशी चहा प्यायचे ते हॉटेलाबाहेर, उभ्यानं. त्यांची कानतुटकी कपबशी भिंतीतल्या खोबणीत वेगळी ठेवलेली असायची. पिऊन झाली की त्यांनीच धुवायची. मी लहानपणी ते बघितलंय. तेव्हापासून नव्या हॉटेलाच्या पायरीवर माझा पाय अडतो.”

श्रोतेहो, माझा घास घशातच अडकला. मी काट्या-चमच्यांवर प्रवचन झोडत होतो, आणि प्रश्न होता कपबशीचा.

कुणी कुणाबरोबर खावं, हा आपल्याकडे नेहमीच मोठा प्रश्न होता. मुंबईत १८४९ साली स्थापन झालेल्या परमहंस सभेत ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खाऊन जातिभेद न मानण्याची खूण पटवीत. पण हे सारं गुप्तपणे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मान्यवरांपुढं चहा-बिस्किटं आली. त्यांची नावं वर्तमानपत्रात छापली गेली आणि लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावं लागलं. नामवंतांची ही गत, तिथं गुरुजींच्या आजोबांची काय कथा?

‘रेस्टॉरंट’ हा शब्द फ्रेंच आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये अशक्त माणसाला तरतरी आणणारं सार त्या नावानं विकत. पुढं तेच नाव दुकानाला पडलं. तिथली रीत अशी, की येईल त्यानं आपल्या मेजावर बसावं, दरपत्रक पाहून मागवावं, पैसे द्यावेत. तिथं खिसा विचारला जातो हे खरं, आणि गरिबाला ते दार आजही जडच. पण पंगतीतली जागा जन्मावरून ठरत नाही, एवढी गोष्ट त्या रीतीत घेण्याजोगी आहे. आपल्या राज्यघटनेनं १९५० साली सार्वजनिक उपाहारगृहं सर्वांना खुली केली, आणि १९५५ च्या कायद्यानं तिथं अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा ठरवला. कायद्यानं दार उघडलं. पण पायरीवर अडलेला पाय उचलायला आतून कुणीतरी “या, बसा” म्हणावं लागतं.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, दुपारी शाळेत मुलं पोषण आहाराला बसतात, तेव्हा ती पंगत एकदा नीट पाहा. कोण कुणाशेजारी बसतं, कोण जरा सरकून बसतं, कुणाच्या पेल्यातलं पाणी कोण पीत नाही. काटा-चमचा मुलं पुढं शिकतील, न शिकली तरी अडत नाही. पण सरकून बसणं ती आजच शिकतात, आणि ते विसरायला पिढ्या लागतात.

परतताना गुरुजींनी बिल मला देऊ दिलं नाही. म्हणाले, “आजोबांच्या नावानं मी देतो.” त्यावर मी काही बोललो नाही.