हातचे काम आणि घरची सवड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : 'नोकरी, घर व मुले सांभाळून हस्तकौशल्य कसे साधावे ?' मागच्या रांगेतून कोणीतरी आत्ताच उत्तर दिले, "साधूच नये." (हशा) त्या उत्तरात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ज्या घरात पहाटे साडेपाचला कुकर लागतो, आठची लोकल गाठावयाची असते आणि संध्याकाळी पायांतल्या चपला काढण्यापूर्वीच मुलाची वही पुढे येते, त्या घरातल्या बाईला 'फावल्या वेळात भरतकाम करावे' असे सांगणे म्हणजे तिची थट्टाच होय.

परंतु पलीकडच्या खोलीतले प्रदर्शन आपण पाहिले असेल. पूर्वी त्याला चार टेबले लागत. यंदा दोन पुरली, आणि त्यांतल्याही निम्म्याहून अधिक वस्तू दुकानातल्या तयार संचातून केलेल्या आहेत. मणी मोजून दिलेले, आकृती छापून दिलेली, आपण फक्त चिकटवावयाचे. त्या वस्तू वाईट दिसतात असे नाही. पण आपल्या घरातल्या कापडाच्या, आपल्या गरजेतून निघालेल्या, अशा वस्तू मला दोन्ही टेबलांवर मिळून पाचच दिसल्या. कारण विचारावे तर प्रत्येकीच्या तोंडी एकच शब्द : सवड नाही. आज मला ह्या एका शब्दाची झडती घ्यावयाची आहे.

सवड कमी असते हे खरे. पण अगदीच नसते असे नाही. ती सुट्या पैशांसारखी मिळते. डाळ शिजेपर्यंतची दहा मिनिटे, मुलीची शिकवणी सुटेपर्यंतची वीस मिनिटे, डोंबिवलीहून मुंबईला जाताना बसावयास जागा मिळालीच तर तासभर. लेडीज डब्यात मेथी निवडणाऱ्या आणि क्रोशाची लेस विणणाऱ्या बायका आपण पाहतोच. त्यांना आपल्यापेक्षा जास्त सवड असते काय ? मुळीच नाही. त्यांचे काम पिशवीतून काढले की सुरू होते आणि स्टेशन आले की जिथल्या तिथे थांबते, इतकेच. घरी तसे होत नाही. वीस मिनिटे मिळाली तर पाच कात्री शोधण्यात जातात, पाच दोऱ्याचा गुंता सोडवण्यात, आणि पाच 'कुठवर आले होते बरे' हे आठवण्यात. उरलेल्या पाचांत मन लागत नाही.

ह्याचे मूळ मला असे दिसते की, घरात आपल्या कामाला जागाच नसते. यजमानांच्या कागदपत्रांना कपाट असते, मुलांच्या पुस्तकांना फळी असते, देवांना कोनाडा असतो. आईच्या सुईदोऱ्याला मात्र बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आणि तोही पाहुणे आले की पलंगाखाली सरकतो. ज्या कामाला जागा नाही त्याला घरातले कोणी काम समजत नाही. "आई, तू रिकामीच बसली आहेस ना, मग जरा हे दे" असे हातात सुई असताना ऐकले नाही, अशी आपल्यांत कोणी असेल तर तिने हात वर करावा. (हशा) पाहा, एकही नाही.

तेव्हा माझी पहिली विनंती क्षुल्लक वाटेल अशी आहे. एका कामाला एक पिशवी करावी. तिच्यात त्या कामाचे कापड, त्याच रंगाचे रीळ, एक सुई आणि छोटी कात्री, एवढेच. प्रत्येक पिशवीला वेगळी कात्री घेणे उधळपट्टी वाटते. पण कात्री शोधण्यात वर्षभरात जे तास जातात त्यांच्या मानाने ती स्वस्त पडते. काम थांबवताना पुढची पायरी काय ती चिठ्ठीवर लिहून आत टाकावी : 'काठ टाचला, आता कोपरा दुमडणे.' सुया मोजून ठेवाव्यात. माझ्या टाचणगादीत सात सुया असतात आणि रात्री दिवा मालवण्यापूर्वी मी सात मोजते. घरात रांगते मूल असेल तर ह्यात हयगय नको. पिशवी उंच खुंटीला टांगावी. आणि अशा पिशव्या दोनच असाव्यात. तिसरे काम मनात आले तर आधी एक पुरे करावे. अर्धवट कामांची रास जेवढी वाढते तेवढे कोणत्याच कामाला हात लावावेसे वाटत नाही, हा आपणा सर्वांचाच अनुभव असेल.

आता गोधडीचा हिशेब सांगते, कारण 'एवढे मोठे काम आता कुठले होणार' असे जिच्याविषयी म्हणतात ती वस्तू म्हणजे गोधडी. देशावर हिलाच वाकळ म्हणतात. जुने नऊवारी सुती पातळ घ्या. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या केल्या की दोन मीटर लांब आणि सव्वा वार रुंद असा चार पदरी तुकडा होतो, म्हणजे एका माणसाच्या पांघरुणाचे माप आपोआप मिळते. दोन बोटांच्या अंतराने धावदोरा घातला तर लांबीच्या सुमारे चाळीस ओळी बसतात. सवयीच्या हाताला एका ओळीस वीसेक मिनिटे लागतात. रोज एक ओळ धरली तर चाळीस दिवस. चातुर्मासाचे चार महिने आपण एखादा नेम पाळतो. त्यात ही गोधडी पुरी होऊन शिवाय वेळ उरेल.

काही गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. सर्व कापड आधी धुऊन उन्हात वाळवून घ्यावे, म्हणजे जे आटावयाचे ते आधीच आटते. सुतीबरोबर नायलॉन मिसळू नये. विरलेल्या कापडाला नवे कडक कापड जोडू नये, ते जुन्याला ओढून फाडते. जमिनीवर अंथरून कोपऱ्यांवर जड डबे ठेवावेत आणि मोठे कच्चे टाके मधून कडेकडे घालीत जावे, म्हणजे चुण्या बाहेर निघून जातात. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोरा घेतला की सुई ओवण्याचे श्रम वाचतात असे वाटते, पण गाठी सोडवण्यात दुप्पट जातात. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रिया 'कवंदी' नावाची अशीच गोधडी शिवतात. त्या कडेपासून सुरू करून आत येतात आणि चारी कोपऱ्यांवर रंगीत त्रिकोणी घड्यांचे 'फूल' बसवतात. घरातल्या विटक्या कपड्यांच्या त्या कवंद्या आता प्रदर्शनांत मांडल्या जातात आणि लोक त्या विकत घेतात.

आमच्या शेजारी एक भगिनी आहेत, रुग्णालयात परिचारिका. त्यांच्या मातोश्री वारल्या तेव्हा मागे पाच नऊवारी पातळे राहिली. ती नेसणारे घरात कोणी नव्हते, आणि बोहारणीला देण्यास हात होईना. तीन वर्षे ट्रंकेत पडून होती. दर उन्हाळ्यात त्या ती बाहेर काढीत, ऊन देत आणि पुन्हा घडी करून ठेवीत. शेवटी त्यांनी दोन पातळांच्या दोन गोधड्या शिवावयास घेतल्या. पाळ्यांची नोकरी, कधी रात्री, कधी पहाटे. पण पिशवी दाराशी टांगलेली असे आणि ड्यूटीवर निघण्यापूर्वी एक ओळ होई. पहिलीला अडीच महिने लागले, दुसरीला दोन. दुसऱ्या गोधडीच्या शेवटच्या चार ओळी त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाने घातल्या आहेत. टाके वाकडे आहेत, एके ठिकाणी तर बोटभर लांब आहे. बाईंनी ते उसवले नाहीत. मुलगा ती गोधडी दुसऱ्या कोणाला पांघरू देत नाही. उरलेल्या तीन पातळांतल्या एकाची भाचीच्या बाळासाठी दुपटी झाली, आणि दोन त्यांनी तशीच ठेवली आहेत. ती आता ट्रंकेत नाहीत, कपाटात समोर असतात.

मुलांचा विषय निघालाच आहे. "मुले काम करू देत नाहीत" अशी तक्रार असते. मुलांना कामात घेतले नाही तर ती करू देणारच नाहीत. चार वर्षांच्या मुलाला बटणे रंगाप्रमाणे निवडावयास द्यावीत. सहा वर्षांच्या मुलाला गोणपाटाचा तुकडा आणि बोथट दाभण द्यावा. त्याची भोके मोठी, सुतळी जाड, त्यामुळे टाका दिसतो आणि मुलाला धीर येतो. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही द्यावे. पुढे वसतिगृहात सदऱ्याचे बटण तुटले म्हणजे आईची आठवण काढण्यापेक्षा सुई काढलेली बरी. (हशा) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले. परदेशी पद्धतीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती; त्यांनी गारगोट्या, शिंपले, पाने, बिया ह्यांचीच साधने केली. आपल्या स्वयंपाकघरात त्याहून कमी सामान असते काय ?

आणि हे सगळे आईनेच करावयाचे असाही काही नियम नाही. दिवाळीच्या कंदिलासाठी बांबूच्या काड्या तासणारे वडील आपण पाहिले आहेत. त्यांनी काड्या तासाव्यात ही उत्तम गोष्ट. पण त्या संध्याकाळी आईने कागद चिकटवावयाचा असेल तर भातही त्यांनीच लावावा, असे माझे मत आहे. (टाळ्या)

सणांचे एक बरे असते, ते तारीख ठरवून येतात. ज्या कामाला तारीख नाही ते पुढे ढकलले जाते. म्हणून वर्षाच्या आरंभी कालनिर्णय भिंतीला लागले की सणापूर्वी सहा आठवड्यांवर पेन्सिलीने खूण करावी. संक्रांतीचे हलव्याचे दागिने घ्या. काटेरी हलवा घरी करणे म्हणजे मंद शेगडीवर थेंब थेंब पाक घालीत बोटांनी परतत बसणे. त्याला दिवसच्या दिवस लागतात आणि बोटे भाजतात ती वेगळीच. ज्यांना येते त्यांना माझा नमस्कार. नोकरदार बाईने हलवा खुशाल विकत आणावा आणि दागिने मात्र घरी करावेत. बोरन्हाणाला बाळाच्या गळ्यात आत्याने ओवलेला हार असला की पुरे. गणपतीच्या मखराचेही तसेच. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा पुष्कळ घरांत 'आता काय करावयाचे' असा प्रश्न पडला. काठ्यांचा सुटा होणारा सांगाडा एकदा करून घ्यावा आणि त्यावर दर वर्षी वेगळी रेशमी साडी चुण्या घालून सोडावी. विसर्जन झाले की साडी पुन्हा नेसता येते आणि सांगाडा माळ्यावर हातभर जागेत मावतो.

माळ्यावरून आठवले. 'कधीतरी उपयोगी पडेल' ह्या नावाखाली आपण जे साठवतो त्याला मर्यादा हवी. चिंध्यांना एक पेटी द्यावी. ती भरली की नवी चिंधी ठेवण्यापूर्वी जुनी एक बाहेर निघाली पाहिजे. सुती पांढरे, सुती रंगीत, आणि जरीचे काठ एवढे तीन गठ्ठे पुरेत; बाकीचे पोछ्याला. पिशवीभर रिकाम्या बाटल्या रंगवून दिवाणखान्यात मांडणे ह्याला मी 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणत नाही. टाकाऊचे फक्त ठिकाण बदलते, आणि धूळ पुसण्याचे काम आपल्याकडे येते.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले तेव्हा रमाबाई रानडे आणि त्यांच्या सहकारिणी शिवणकामाचा वर्ग चालवीत. बाई घराबाहेर येऊन चारचौघींत सुई घेऊन बसली की तिच्या कामाला कोणी 'रिकामी बसली' म्हणू शकत नव्हते. आपल्या मंडळाची ही खोली आठवड्यातले पाच दिवस दुपारी बंद असते. शनिवारी चार ते सहा ती उघडी ठेवावी. शिवणयंत्र आहे, सतरंजी आहे. गोधडी अंथरावयास लागणारी सलग जमीन आपल्या दोन खोल्यांच्या घरांत मिळत नाही, ती इथे आहे. मुलांनाही आणावे, त्यांच्यासाठी गोणपाट मी आणीन. वर्ग नको, शिक्षिका नको, फी नको.

दुसरी सूचना प्रदर्शनाविषयी. पुढच्या वर्षापासून वस्तूशेजारी एकाच बाईचे नाव न लिहिता जितके हात लागले तितकी नावे लिहावीत, मुलांचीही आणि असल्यास यजमानांचीही. आणि वस्तू कोरीच हवी ही अट काढून टाकावी. वर्षभर पांघरलेली गोधडी, दोनदा रफू केलेला स्वेटर, ठिगळ लावलेली पिशवी ह्यांनाही टेबलावर जागा असावी. परीक्षकांनी कोपऱ्याची शिलाई पाहावी तशी ती वस्तू किती वापरली गेली हेही पाहावे. कार्यकारिणीला हे पसंत पडले तर नियम बदलण्यास येत्या सभेतला एक ठराव पुरेल.

चिटणीसबाईंनी खुणावले आहे, चहा निवतो आहे. ज्यांना येत्या शनिवारी यावयाचे आहे त्यांनी दाराशी ठेवलेल्या वहीत नाव लिहावे. कापड धुऊन आणावे आणि कात्री ज्याची त्याने आणावी; मंडळाची एकच आहे आणि तिला धार नाही.