यंत्र घ्यायला जाताना पिशवी भरून न्यावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. चारचौघींपुढे उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. पण विक्री केंद्राची वही माझ्याकडे असते, म्हणून "ते रेघा वाचणारे यंत्र कसे निवडले, हे तुम्हीच सांगा," असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. तेव्हा जमेल तसे सांगते. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

हे यंत्र हौसेने आले नाही, माझ्या एका चुकीपायी आले. गेल्या वर्षीच्या दिवाळीआधी केंद्राचा हिशेब लागेना. कांदा-लसूण मसाल्याची अकरा पाकिटे कमी भरली. गल्ल्यावर त्या आठवड्यात एक नवी मुलगी बसत होती. मी तिला तोंडाने काही बोलले नाही, पण दोनदा तिच्यासमोर गल्ला मोजला. ज्याला समजायचे त्याला समजतेच. दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली.

चार दिवसांनी सगळाच माल मोजला, तेव्हा गोड्या मसाल्याची अकरा पाकिटे जास्त निघाली. दोन्ही पाकिटे दिसायला सारखी. गर्दीत लिहिताना एकाच्या जागी दुसऱ्याचे नाव वहीत पडले होते, आणि अक्षर माझे होते! मी तिच्या घरी गेले आणि तिच्या आईसमोर चूक कबूल केली. मुलगी परत आली, हा तिचा मोठेपणा. तिला विचारूनच आज हे सांगते आहे.

त्यानंतर कार्यकारिणीने ठरवले की प्रत्येक पाकिटावर रेघांचे लेबल लावायचे आणि हातात धरून वाचायचे यंत्र, म्हणजे स्कॅनर, घ्यायचा. काम माझ्यावर आले. मुलाने मोबाइलवर एक स्वस्तातले यंत्र दाखवले, आणि मी तेच मागवायला निघाले. तेव्हा घरातून आवाज आला, "एका साडीसाठी चार दुकाने पालथी घालतेस, आणि मंडळाच्या पैशाची वस्तू न बघता घेतेस?" बोलणे लागले, पण खरे होते.

दुसऱ्या दिवशी मी कापडी पिशवीत आपलाच माल भरला. तेलाचा हात लागलेले मसाल्याचे पाकीट, चुरगळलेले पापडाचे पाकीट, चकचकीत वेष्टनातली चकली, लोणच्याची बरणी, आणि तुलनेसाठी घरातला बिस्किटाचा पुडा. छापखान्यातून नमुन्याची लेबले आधीच आणून चिकटवली होती. दुकानदार आधी हसला. मग म्हणाला, "बाई, सगळ्या गिऱ्हाइकांनी असेच यावे."

त्याने आधी समजावून दिले. यंत्रातून उजेड पडतो. काळी रेघ तो गिळते, पांढरी जागा परत पाठवते. त्यावरून यंत्र आकडे ओळखते. ही कल्पना अमेरिकेतल्या नॉर्मन जोसेफ वुडलँड यांना समुद्रकाठच्या वाळूत बोटांनी रेघा ओढताना सुचली. त्यांना आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना १९५२ साली पेटंट मिळाले. पण दुकानात अशा रेघा वाचून पहिली विक्री झाली २६ जून १९७४ ला, ओहायोतल्या ट्रॉय गावी, आणि ती वस्तू होती च्युइंगगमचा पुडा. रांगोळीसारख्या ओढलेल्या रेघा पेटंटनंतर गल्ल्यापर्यंत यायला बावीस वर्षे लागली!

बिस्किटाच्या पुड्यावर रेघांखाली तेरा आकडे असतात. त्यांतला शेवटचा म्हणजे आपण शाळेत करत होतो तो ताळाच. दुसरा, चौथा, सहावा असे बाराव्यापर्यंतचे सहा आकडे मिळवून तिप्पट करायची, त्यात पहिला, तिसरा, पाचवा असे उरलेले सहा मिळवायचे. पुढच्या पूर्ण दहाला जितके कमी पडतात, तो तेरावा आकडा. कमी पडतच नसतील तर शून्य. मी घरी चार पुड्यांवर करून पाहिले, चारही बरोबर आले. त्यामुळे एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर ते तिथल्या तिथे उघडे पडते. माझ्या वहीत असा ताळा नव्हता, भगिनींनो.

आता यंत्रांविषयी. पहिला प्रकार लेसरचा. तांबडी बारीक रेघ पडते, ती लेबलाच्या रेघांवर आडवी धरावी लागते. बिस्किटाचा पुडा त्याने चटकन वाचला, चुरगळलेल्या पापडावर मात्र तो अडला. क्यूआर म्हणतात तो ठिपक्यांचा चौकोन त्याला वाचता येत नाही, आणि मोबाइलच्या काचेवरचे लेबलही त्याने वाचले नाही. दुसरा प्रकार लेबलाचा फोटो काढून वाचणारा. उलटे, तिरपे, कसेही धरा. पापड, चकली, मोबाइलची काच, सगळे त्याने वाचले. किंमत जास्त होती, पण आपल्या मालासाठी तोच योग्य ठरला. ज्यांच्या दुकानात सपाट खोकीच असतात त्यांना पहिलाही पुरेल.

मसाल्याच्या लेबलावर मात्र दोघेही गप्प! आपण शुभ म्हणून रेघा कुंकवाच्या रंगात छापल्या होत्या ना? पुष्कळ यंत्रांचा उजेडच तांबडा असतो, आणि त्या उजेडात तांबडी रेघ पांढऱ्या कागदासारखीच दिसते. रेघा काळ्या आणि कागद पांढरा, हेच उत्तम. रेघांच्या दोन्ही बाजूंना थोडी कोरी जागाही सोडावी लागते. आपण तिथे वेलबुट्टी काढली होती, ती आता वरच्या कोपऱ्यात गेली आहे. बरणीवर रेघा उभ्या लावल्या तर कडेच्या रेघा गोलाईमागे लपतात, म्हणून लेबल शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे लावायचे. आणि नुसत्या उष्णतेने छापलेले लेबल उन्हात, तेलात फिके पडते. मसाल्याला रिबनची शाई लावून छापलेले बरे.

बिनतारी घ्यावे की तारेचे, यावर बराच वाद झाला. पोत्यांपाशी जाऊन माल मोजणाऱ्याला बिनतारी सोयीचे. पण त्याला रोज चार्ज करावे लागते, आणि आपल्याकडे रात्री दिवा मालवायचीसुद्धा आठवण एकीला दुसरीने करावी लागते! शिवाय सुटी वस्तू प्रदर्शनात हरवते. आपला माल टेबलावरच असतो, म्हणून तारेचे घेतले. तार संगणकाला जोडली की झाले. आकडे कोणी टंकले असावेत असेच संगणकाला वाटते, त्यामुळे वेगळे काही शिकावे लागले नाही. मी आणखी तीन गोष्टी विचारल्या: हातातून फरशीवर पडले तर किती उंचीपर्यंत टिकते, मसाल्याची धूळ आत जाते का, आणि बिघडले तर दुरुस्ती गावात होते का. तिन्हींची उत्तरे पावतीवर लिहून घेतली.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यंत्राला किंमत ठाऊक नसते, त्याला फक्त क्रमांक कळतो. किंमत आपणच संगणकात भरतो. एकदा चूक भरली तर ते इमानाने प्रत्येक गिऱ्हाइकाला तीच चूक सांगत राहील. म्हणून नवा भाव दोघींनी मिळून भरायचा, एकीने वाचायचा आणि दुसरीने टंकायचा, असा नियम आपण केला आहे.

या दिवाळीत गोडा आणि कांदा-लसूण, दोन्हींचा हिशेब पाकिटाला पाकीट लागला. यंत्र त्याच मुलीच्या हातात होते. पण महिनाअखेरीची मोजणी आपण बंद केलेली नाही, आणि ती आता सगळ्या मालाची करतो. कमी दिसले की आधी वही तपासायची, मग संगणकातला भाव, आणि माणसाकडे सर्वांत शेवटी पाहायचे. हे काही दुकानदाराने शिकवले नाही, ते मी चुकून शिकले.