पुन्हा जाणं म्हणजे हात पसरणं नव्हे

(हिंगोली जिल्ह्यातील बचत गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)

आज मला विक्रीवर बोलायला सांगितलं आहे. माल कसा करायचा ते तुम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. हळदीचं बेणं लावण्यापासून खुरपणी, काढणी, वाळवणं, निवडणं, यातलं बायकांच्या हाताशिवाय काय होतं? म्हणून मी एका छोट्याशाच गोष्टीवर बोलणार आहे. गिऱ्हाईक म्हणालं, "बघू, नंतर सांगतो." त्यानंतर आपण काय करतो?

पुष्कळ गटांत त्यानंतर काहीच होत नाही. आपण घरी येतो आणि वाट बघतो. दुकानदाराला शंभर कामं असतात, तो विसरतो. महिन्याने आपण म्हणतो, "आपल्या मालाला मागणीच नाही." मागणी नव्हती असं नाही. आपण दुसऱ्यांदा विचारलंच नाही.

याचं एक कारण आपल्या बाजाराच्या रीतीत आहे. अख्खी हळद विकायची वाट ठरलेली. गडी माणूस गाडी भरून हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटात किंवा वसमतच्या मोंढ्यात नेतो. बीट होतं, बोली लागते, वजन होतं, पट्टी हातात पडते. तिथे कोणाला दोनदा विचारायला जावं लागत नाही. पण तीच हळद दळून आपण पुडी केली, की पुडीला बीट नाही. किराणा दुकान, खानावळ, मंगल कार्यालय, नांदेड-परभणीत राहणारी ओळखीची घरं, असं एकेक गिऱ्हाईक जोडावं लागतं. ते एका भेटीत जोडलं जात नाही. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव पुडीवर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. पण नाव कितीही मोठं झालं तरी दुकानाची पायरी आपल्यालाच चढायची आहे.

मग अडतं कुठे? मला तीन ठिकाणं दिसतात.

पहिलं, लाज. लहानपणापासून शिकवलं, बाईने मागे लागू नये, तोंड वेंगाडू नये. त्यामुळे पुन्हा विचारणं म्हणजे हात पसरणं वाटतं. पण आपण उसनं मागत नाही. चांगला माल देतो आणि त्याचा दाम घेतो.

दुसरं, घर. एकदा बाहेर पडायला परवानगी मिळते. दुसऱ्यांदा निघालं की प्रश्न, "कालच तर गेली होतीस, आज परत काय काम?" पुरुष तालुक्याला चार खेपा घालतो तेव्हा तो व्यवहार असतो. बाईची दुसरी खेप मात्र भटकणं ठरते.

तिसरं, फोन. पुडीवर नंबर कोणाचा आहे ते आज घरी जाऊन बघा. पुष्कळदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. गिऱ्हाईक फोन करतं, तो उचलतो, भाव तो सांगतो, पुढे पैसेही त्याच्याच हातात जातात. हळूहळू गिऱ्हाईक त्याचं होतं आणि आपण फक्त दळणाऱ्या उरतो.

म्हणून हा नुसता धंद्याचा प्रश्न नाही. बाईने कुठे जायचं, किती वेळा जायचं आणि कोणाशी बोलायचं, हे ठरवतं कोण? प्रश्न तो आहे.

आता उपाय सांगते. एकटीने लढायचं नाही, गटाने करायचं. गटाच्या बैठकीत ठराव लिहा, "विक्रीची फेरी दर अमुक वारी, दोघीजणी, आळीपाळीने." ठराव झाला की घरी सांगता येतं, हे गटाचं काम आहे. एसटीत मार्च 2023 पासून बायकांना निम्मंच भाडं लागतं. उरलेलं भाडं गटाच्या खर्चात धरा, बाईच्या पदरातून जाऊ देऊ नका. फोनचं सिमकार्ड गटातल्या बाईच्या नावावर घ्या, आणि पुडीवर तोच नंबर छापा.

एक वही करा. दुकानाचं नाव, कोण भेटलं, काय म्हणालं, परत कधी जायचं, एवढंच लिहायचं. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. दुकानातून निघताना "येते" एवढंच म्हणू नका. "पुढच्या बुधवारी येते" म्हणा, आणि बुधवारीच जा. गेल्यावर "काय ठरलं?" असं मोघम विचारू नका. विचारा, "ठेवलेल्या दहा पुड्यांपैकी किती गेल्या? गिऱ्हाईक काय म्हणालं? लहान पुडी हवी का?" "नंतर बघू" याचे अर्थ वेगवेगळे असतात. कधी मालक जागेवर नसतो, कधी जुना माल पडून असतो, कधी भाव पटलेला नसतो, आणि कधी सरळ नकोच असतं. कुठला अर्थ आहे ते नीट विचारल्याशिवाय कळत नाही. तीन वेळा जाऊनही "नको" आलं तर राम राम करून पुढचं दुकान धरा. "नको" हेही उत्तर आहे. त्याने आपण लहान होत नाही.

मुंबईत गिरगावात 15 मार्च 1959 रोजी सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्या कामाला पुढे लिज्जत हे नाव मिळालं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ती ओळखीच्या व्यापाऱ्याकडे दिली. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद राहिलं. दुसऱ्या वर्षी खाटेवर पापड आणि खाली शेगडी अशी सोय केली. यातून आपल्यासाठी एक गोष्ट घ्या. पुन्हा जायचं तर हातात माल हवा, आणि तो मागच्याइतकाच चांगला हवा. नसेल तर तेही आधी जाऊन सांगा.

उधारीची वही वेगळी ठेवा. नवा माल मागायला आणि जुने पैसे मागायला एकाच दमात गेलं की दोन्ही बुडतं. बचत गटाला उद्यम नोंदणी करता येते. ती असेल तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार घेणाऱ्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर व्याजही लागतं. कायद्याचं नाव घ्यायची वेळ बहुधा येत नाही, पण आपल्याला माहीत असलेलं बरं.

शेवटचं, आणि हे मी मुद्दाम बोलते. एखादा दुकानदार रात्री फोन करतो, नको ते बोलतो, "एकटीच ये" म्हणतो. असं गिऱ्हाईक वहीतून खोडा आणि सगळ्या गटांना सांगा. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात दुकानही कामाचं ठिकाण आहे. बाई तिथे नोकरीला असो वा नसो, तिला तक्रार करता येते. मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची असते. अशा वेळी "म्हणून म्हणत होतो, जाऊ नको" असं घरचे म्हणतील. त्यांना सांगा, थांबवायचं असेल तर त्याला थांबवा, मला नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ता गोळा करण्याआधी वही काढा. ज्यांनी ज्यांनी "नंतर" म्हटलं त्यांची नावं लिहा, आणि या बुधवारी कोणत्या दोघी जाणार ते ठरवूनच उठा.