शर्यतीच्या चक्राची पारख

कळमन्याच्या बाजारातील जाणते गिऱ्हाईक संत्र्याच्या आकाराला भुलत नाही. ते फळ हातावर तोलून पाहते. साल सुटलेले संत्रे दिसावयास मोठे, परंतु हाती हलके लागते. घरी संगणकावर गाड्यांच्या शर्यती खेळणाऱ्या तरुणाने स्टिअरिंग घेताना हीच रीत पाळावी.

फॉर्म्युला गाडीचे चक्र पुरते गोल नसते. ते थोडेच फिरवावे लागते. म्हणून हात जागा सोडीत नाहीत आणि गिअरच्या पट्ट्या बोटांशीच राहतात. १९८९ साली फेरारीने अशा पट्ट्यांची गाडी शर्यतीत उतरविली व मॅन्सेलने ब्राझीलची पहिलीच शर्यत जिंकली. रॅलीच्या खेळात मात्र चक्र भराभर फिरवावे लागते. तेथे गोल चक्रच बरे.

चक्रामागील विजेची मोटर दुबळी असेल, तर जड चक्र रस्त्याचे बारीक हादरे गिळून टाकते. म्हणून चकचकीत पडद्यावर वडिलांची बचत खर्ची घालण्यापूर्वी चक्र त्या मोटरीस जुळते काय, मूठ तळहातात बसते काय आणि टेबल डगमगते काय, हे पाहावे. उंची चक्र हाताला साथ देते. हात तयार होतो तो सरावानेच.