दीर्घकालीन निसर्गसेवा आणि लोकशिक्षण : अध्यक्षीय भाषण

दीर्घकालीन निसर्गसेवा म्हणजे वन्यजीव आणि त्यांचा अधिवास राखण्यासाठी वेतनाची अपेक्षा न ठेवता एकाच परिसरात वर्षानुवर्षे केलेले काम. प्रत्यक्ष रक्षण, नोंदी आणि लोकशिक्षण ही त्याची तीन अंगे. एका रविवारी किनारा झाडणे हे चांगलेच काम आहे. पण कासवाची मादी अंडी घालण्याजोगी व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ जातो आणि बिबट्याची पिल्ले दीड-दोन वर्षे आईबरोबर वावरतात. अशा जीवांचे बरेवाईट एका सुट्टीत कळत नाही. म्हणून या क्षेत्रात स्वयंसेवकाच्या उत्साहाला मोल आहेच, पण त्याच्या टिकून राहण्याला त्याहून अधिक मोल आहे.

मुंबईत या परंपरेचा आरंभ १५ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. त्या दिवशी आठ निसर्गप्रेमींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत दोघे भारतीय होते : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. दोघांचाही पेशा वैद्यकीचा. आत्माराम पांडुरंगांनी १८६७ साली प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेतला होता, तर सखाराम अर्जुन वनस्पतींचे अभ्यासक होते. सोसायटीचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले. त्यातल्या नोंदी डॉक्टर, वनाधिकारी, लष्करी अधिकारी आणि मळेवाले यांनी आपापला व्यवसाय सांभाळून लिहिलेल्या असत. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींचे उदाहरण याच वळणाचे आहे. १९३० साली हाती नोकरी नसताना त्यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे चिकाटीने निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो, मादी ते पाहून पसंत करते, मग नर ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याला लागतो, हा सारा क्रम रोज एकाच जागी बसल्यामुळे हाती आला.

परदेशांतही हाच अनुभव आहे. अमेरिकेत १९०० साली फ्रँक चॅपमन यांच्या सूचनेवरून नाताळात पक्षी मारण्याऐवजी मोजण्याची प्रथा सुरू झाली. ती आजही चालू असून पक्ष्यांच्या वाढीघटीचा शतकाहून मोठा आलेख तीतून तयार झाला. कोस्टा रिका देशातल्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर आर्ची कार यांनी १९५० च्या दशकात हिरव्या कासवांचा अभ्यास आरंभला. तेथे देशोदेशींचे स्वयंसेवक हंगामभर रात्री किनारा पायी पिंजून काढतात आणि अंडी घालून परतणाऱ्या मादीच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला क्रमांकाची पट्टी लावतात. ब्रिटनच्या १९५८ सालच्या आणि अमेरिकेच्या १९६१ सालच्या स्वयंसेवक योजनांनी तरुणांना दीर्घ मुदतीच्या सेवेसाठी परदेशी धाडले. अमेरिकी योजनेतली मुदत दोन वर्षांची असून आरंभीचे प्रशिक्षण स्थानिक भाषेचेही असते. जेन गुडाल यांनी १९९१ साली टांझानियात बारा विद्यार्थ्यांसह सुरू केलेला ‘रूट्स अँड शूट्स’ हा उपक्रम पुढे अनेक देशांत पोहोचला.

याच क्षेत्रात एक घातक प्रकारही रूढ झाला आहे. दक्षिण आफ्रिकेत काही ठिकाणी पाहुण्या स्वयंसेवकांकडून पैसे घेऊन त्यांना सिंहाचे छावे सांभाळायला दिले जातात. माणसाळलेले असे छावे रानात परत सोडता येत नाहीत, आणि मोठे झाल्यावर कुंपणातल्या शिकारीसाठी ते विकले गेल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत. वन्य प्राण्याला हाताळू देणारी, अल्पमुदतीची आणि स्थानिक माणसांना बाजूला ठेवणारी सेवा संरक्षणाच्या कामी येत नाही. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मराठी तरुणांनी संस्था निवडताना ही कसोटी लावणे अगत्याचे आहे.

हे साहित्य संमेलन मुंबईच्या ज्या मालाड उपनगरात भरले आहे, तेथे जंगल आणि किनारा ही निसर्गसेवेची दोन्ही क्षेत्रे दाराशी आहेत. पूर्वेला कुरार आणि आप्पापाड्याची वस्ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाला जाऊन भिडते. पश्चिमेला मालाडची खाडी, तिवरांची बने आणि मार्वे, आक्सा, एरंगळ, मढ हा किनारा. उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर, आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी महानगर. २००४ च्या सुमारास उद्यानाभोवती बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळी प्राणी पिंजऱ्यात धरून दुसरीकडे सोडणे हाच उपाय मानला जाई. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या जुन्नर परिसरातल्या अभ्यासाने त्यातला दोष दाखवला. परक्या मुलखात सोडलेला बिबट्या भांबावतो आणि तेथे माणसांशी गाठ पडण्याचे प्रसंग वाढतात. शिवाय धरलेल्या बिबट्याची मोकळी झालेली जागा दुसरा येऊन घेतो.

२०११ साली उद्यानाचे तत्कालीन संचालक सुनील लिमये यांच्या पुढाकाराने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान) हा उपक्रम सुरू झाला. त्यात वन विभाग, संशोधक आणि नागरिक एकत्र आले. स्वयंसेवकांनी वस्त्यांत, शाळांत, सोसायट्यांत बैठका घेतल्या. पत्रकारांसाठीही कार्यशाळा झाल्या. बैठकीत सांगायच्या गोष्टी साध्या असतात. उघड्यावरच्या कचऱ्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. अंधार पडल्यावर लहान मूल एकटे बाहेर पाठवू नये. परसाकडे जाताना बॅटरी आणि सोबत असावी, चालताना बोलत राहावे. बिबट्या दिसलाच तर त्याला घेरू नये, पळायला वाट मोकळी ठेवावी. ऐकणाऱ्यांत धुणीभांडी करून थकून आलेल्या बाया असतात, रिक्षावाले असतात, आणि आदल्याच आठवड्यात कुत्रे गमावलेला एखादा चिडलेला रहिवासीही असतो. त्याचे गाऱ्हाणे आधी ऐकून घेणारा स्वयंसेवकच पुढचे चार शब्द सांगू शकतो. उद्यानातल्या आणि आरेच्या पाड्यांवर वारली माणसे पूर्वापार वाघोबाला पूजतात. त्या माणसांचा अनुभव शहरातल्या बैठकीत आणणे हेही लोकशिक्षणच आहे.

किनाऱ्यावरच्या कामाला अशीच वर्षे लागली. वर्सोव्याच्या किनाऱ्याची सफाई अफरोझ शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केली. आठवड्यामागून आठवडे नागरिक जमत गेले, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले बाहेर पडून समुद्रात गेली. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ने २०१७ पासून ओहोटीच्या वेळी किनारफेऱ्या काढून खडकांतले जीव शहरवासीयांना दाखवले.

कोकणातले सर्वांत बोलके उदाहरण मंडणगड तालुक्यातल्या वेळासचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या नेतृत्वाखाली, २००२ साली तेथे कासवांची घरटी राखण्याचे काम हाती घेतले. तोवर अंडी कुत्र्यांच्या, कोल्ह्यांच्या आणि माणसांच्या तोंडी जात होती. कामाची रीत अशी : पहाटे किनाऱ्यावर मादीचा माग शोधायचा, हलक्या हाताने वाळू उकरून शंभरेक अंडी काढायची आणि जाळीच्या कुंपणात तेवढाच खोल खड्डा करून ठेवायची. हे काही तासांतच उरकावे लागते, कारण पुढे गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडे उलटेपालटे झाले तर तो मरतो. साधारण ४५ ते ६० दिवसांनी घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलली की वाळूतून ओल्या, करड्या पिल्लांची डोकी वर येतात. ती उचलून पाण्यात टाकायची नसतात. लाटेपर्यंतचे अंतर त्यांनी स्वतःच तोडायचे असते. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले आणि अंडी राखण्यात गावाचे हित आले. ज्या गावात अंडी गोळा केली जात, तेथलीच माणसे ‘कासवमित्र’ झाली. मुंबईहून जाणाऱ्यांनी शिकण्याजोगा धडा हाच आहे : बाहेरून आलेल्याचे काम गावाच्या हाती सोपवता आले, तरच ते टिकते.

लोकशिक्षणाला कायद्याचा आधारही आहे. १९७७ च्या तिबिलिसी परिषदेने पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टे जगापुढे मांडली, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात हा विषय शिक्षणक्रमात आणण्याचे निर्देश दिले. पुस्तकातला धडा आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी आपली गल्ली यांची सांगड घालणे मात्र शिक्षकाला एकट्याने साधत नाही. भरतीचे पाणी आणि गाळ तिवरे कशी अडवतात, हे खाडीच्या काठावर उभे राहून अर्ध्या तासात मुलांना कळते. त्या फेरीसाठी परिसर जाणणारा माणूस लागतो, आणि तो शाळेला वर्षामागून वर्ष मिळावा लागतो.

अशी माणसे टिकावीत यासाठी काही गोष्टी अनिवार्य आहेत. प्रवासखर्च, विमा आणि प्रशिक्षण संस्थेने द्यावे. नाहीतर निसर्गसेवा खात्यापित्या घरांपुरतीच उरेल. वनरक्षकाचे पगारी काम स्वयंसेवकावर ढकलू नये. जुन्या माणसाने निघण्यापूर्वी किमान एक हंगाम नव्याला सोबत घ्यावे. नोंदवहीत तारीख, वेळ, जागा, हवामान आणि काहीच न दिसलेले दिवसही लिहावेत, कारण आधीचे रिकामे दिवस नोंदलेले नसतील तर जीव परत आल्याचे सिद्ध करता येत नाही.

या नोंदी मराठीत होणे हे साहित्यिकांच्याही जिव्हाळ्याचे काम आहे. कोळी, वारली आणि आगरी माणसांकडे मासे, पक्षी, झाडे आणि भरती-ओहोटीच्या वेळा यांसाठी नेमके शब्द आहेत. ते बोलणारी पिढी वयस्क होत चालली आहे. स्वयंसेवकाच्या वहीत जिवाच्या शास्त्रीय नावाशेजारी त्याचे गावातले नाव आणि ते सांगणाऱ्याचे म्हणणे उतरले, तर शास्त्राला माहिती मिळते, भाषेला शब्द मिळतो आणि सांगणाऱ्याला मान मिळतो. मालाड, मढ आणि आप्पापाड्याच्या प्रत्येक शाळेत अशी एक वही असावी, आणि ती पुढच्या वर्गाच्या हाती सोपवण्याची प्रथा पडावी.